वाळूमामांची वही

(तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या मास्तरांनी मला आयटीआयमध्ये दोन वर्षे फिटरचे काम शिकवले. कानस कशी धरायची, गुण्या कसा लावायचा, हे तर सगळेच शिकवतात. मास्तरांचा हट्ट डायरीचा होता. दिवसभर जे केले ते संध्याकाळी लिहायचे. आम्ही लिहायचो, 'आज 50 मिलिमीटरचा चौकोन घासला.' मास्तर तांबड्या पेनने काट मारायचे. 'काय केलंस ते जॉबवर दिसतंय. काय चुकलं ते लिही.' एक दिवस वैतागून मी लिहिले, 'चौकोन काटकोनात आला नाही. कारण माहीत नाही.' खाली मास्तरांचा शेरा आला: 'पहिलं खरं वाक्य.'

आयोजकांच्या पत्रात विषय असा होता: 'विकसनशील अर्थव्यवस्थेतील संस्थांमध्ये पद्धतशीर नवनिर्मितीची जोपासना.' मी पत्र दोनदा वाचले. मास्तर असते तर म्हणाले असते, 'याचं ड्रॉइंग काढून आण.' मी तो विषय माझ्यापुरता घासून लहान केला आहे. आपल्यासारख्या देशात पैसा कमी, यंत्रे जुनी आणि माणसे पुष्कळ. अशा ठिकाणी कारखान्यात, दवाखान्यात, शेतात रोजच्या कामातून काही नवे निघावे आणि निघत राहावे, यासाठी काय लागते? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांची सोय होईल. जो हाताने काम करतो त्याच्याच हातात वही लागते, आणि ती वही वाचणारा कोणीतरी लागतो. बाकीचे पुढच्या तासाभरात.

या विषयावर बोलायला लागले की कोणीतरी 'जुगाड' हा शब्द काढतोच. उत्तरेकडे पाणी उपसायचे डिझेल इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून जी गाडी करतात, तिचे हे नाव. त्यावर परदेशात पुस्तके निघाली, तेव्हा आपल्याला फार बरे वाटले. मीही जुगाड पुष्कळ केले आहेत. रात्रपाळीत कन्व्हेयरचा पट्टा फाटला, स्टोअरची चावी घरी गेलेल्या माणसाकडे, तेव्हा जुन्या पट्ट्याचा तुकडा नटबोल्टने ठोकून सकाळपर्यंत लाइन चालवली आहे. त्याचा अभिमानही आहे. पण त्या रात्री काय केले ते मी कुठे लिहून ठेवले नाही. ते नियमात बसणारे नव्हते आणि सकाळच्या साहेबांना कळले असते तर बोलणी बसली असती. पुढच्या वर्षी पट्टा फाटला तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा शून्यापासून डोके खाजवावे लागले. जुगाड हा अडचणीशी केलेला तह आहे. अडचण तिथेच राहते.

आता माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. कारखान्याचे नाव सांगत नाही. कँटीनच्या दारापाशी तांबड्या रंगाची सूचनापेटी टांगलेली होती. तिचे उद्घाटन झाले होते, फोटो निघाला होता, पेढे वाटले होते. पुढे किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नव्हते. काही वर्षांनी भिंतीला रंग द्यायचा म्हणून कुलूप तोडले. आत एसटीची तिकिटे निघाली, चहात साखर कमी घाला अशी चिठ्ठी निघाली, एका सुपरवायझरविषयी निनावी आणि बरीच नेमकी माहिती निघाली. आणि वहीच्या पानावर शिसपेन्सिलीने काढलेले, यंत्रावर नग पकडून ठेवणाऱ्या एका फिक्स्चरचे चित्र निघाले. चित्र ओबडधोबड होते, पण कल्पना पक्की होती. जवळपास तसेच फिक्स्चर आम्ही दरम्यानच्या काळात बाहेरून पैसे मोजून करून घेतले होते. खाली सही नव्हती. कोणी काढले ते शेवटपर्यंत कळले नाही. मी ते पान बरीच वर्षे पाकिटात ठेवले होते.

पेटी वाईट नसते. जपानमध्ये टोयोटाने 1951 साली कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली. आदल्याच वर्षी एजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहून आले होते, आणि त्यांची स्वतःची कंपनी त्याच वर्षी दिवाळ्याच्या आणि संपाच्या तडाख्यातून कशीबशी वाचली होती. तेव्हाचा जपान म्हणजे युद्धात भाजून निघालेला गरीब देश, हे आपण विसरतो. त्याच 1950 साली डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ तिथे व्याख्याने द्यायला गेले. गुणवत्ता ही तपासणीच्या टेबलावर येत नाही, ती काम होत असतानाच घडते किंवा बिघडते आणि तिचा आलेख काढता येतो, असे त्यांचे सांगणे. ती व्याख्याने छापली गेली. डेमिंग यांनी पुस्तकाचे मानधन घेतले नाही आणि त्या पैशातून 1951 साली डेमिंग पारितोषिक सुरू झाले. छापील व्याख्यानाचे इतके चांगले झालेले मी दुसरे उदाहरण ऐकलेले नाही. आजच्या छपाईबद्दल माझी तेवढी अपेक्षा नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. डेमिंग ज्यांना गुरू मानत ते वॉल्टर शूहार्ट. 16 मे 1924 रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना एका पानाची टिप्पणी दिली आणि तिच्यात आज जगभरच्या कारखान्यांत लटकतो तो नियंत्रण आलेख पहिल्यांदा काढून दाखवला. वर एक रेघ, खाली एक रेघ. मोजमापे दोन रेघांच्या आत वरखाली होत असतील तर तो कामाचा नेहमीचा श्वास समजायचा, उगाच यंत्राला हात लावायचा नाही. रेघेबाहेर गेली की काहीतरी घडले आहे, ते शोधायचे. हे शूहार्ट 1947-48 च्या हिवाळ्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून तीन महिने हिंदुस्थानात येऊन राहिले होते. म्हणजे चेला जपानला व्याख्याने द्यायला जाण्याच्या दोन वर्षे आधी गुरू आपल्या दारात येऊन गेले! डेमिंग पारितोषिक पहिल्यांदा एका भारतीय कंपनीला मिळाले ते 1998 साली, चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला. आपल्या महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला 2003 साली. मधली पन्नास वर्षे कुठे गेली?

एक उत्तर सोपे आहे आणि ते खरेही आहे. परवाना पद्धतीत जो माल निघेल तो खपत होता. चेतक स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षे थांबत. मुलगा जन्मला की नंबर लावायचा, लग्नापर्यंत गाडी येते, असा विनोद आमच्या लहानपणी होता. रांग लागलेल्या दुकानात गिऱ्हाइकाचे कोण ऐकतो? 1991 नंतर रांग मोडली आणि आलेख भिंतीवर चढले.

दुसरे उत्तर बोलायला अवघड आहे. आपल्या समाजाने शतकानुशतके हत्यार एकाच्या हातात आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात दिली. लोहार, सुतार, कुंभार, चांभार यांच्या बोटांत जे ज्ञान होते ते कोणी लिहिले नाही, कारण त्यांना लिहू दिले नाही. जे लिहीत होते त्यांनी भात्याला हात लावला नाही. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, ते मला उद्योगधंद्यांच्या दृष्टीनेही फार मोठे मागणे वाटते. कारखाना आला तरी ही विभागणी मोडली नाही, तिला नुसते गणवेश मिळाले. ऑफिसात आलेख काढणारा इंजिनियर आणि खाली ज्याचा आलेख निघतो तो ऑपरेटर. जपान्यांनी आलेख काढायची पेन्सिल ऑपरेटरच्याच हातात दिली. आपण आलेख लॅमिनेट करून उंचावर लावला, हात पोचणार नाही इतका.

आता वाळूमामांकडे येतो. गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या कोल्हापूरच्या एका ओतकाम कारखान्यात मी क्वालिटी बघत होतो. तिथे साचे भरणाऱ्यांत एक ज्येष्ठ होते. मूठभर वाळू दाबून ती बरी की वाईट हे ते सांगायचे. म्हणून पोरांनी त्यांना वाळूमामा नाव ठेवलेले. आदमापूरच्या संत बाळूमामांच्या मुलखात हे नाव चिकटायला कितीसा वेळ लागणार! शिक्षण चौथी. सही करताना जीभ बाहेर यायची.

आमची अडचण अशी. साप्ताहिक सुटीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन-तीन तासांत जे ओतायचो त्यात ब्लोहोल फार निघत. कास्टिंग वरून गुळगुळीत, यंत्रावर घेतले की आत पोकळी. रिजेक्शन इतर दिवसांच्या दुप्पट. मीटिंगा झाल्या. कोणी म्हणाले धातू थंड पडतो, कोणी म्हणाले सुटीनंतर माणसांचे लक्ष नसते, आदल्या दिवशीची उतरलेली नसते. हे शेवटचे कारण वरच्या मजल्यावर फार लोकप्रिय होते.

मी मामांना विचारले. ते म्हणाले, 'सायेब, मूठ रोज खरं बोलती. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी खोटं बोलती.' का, ते त्यांना सांगता येईना. मला मास्तर आठवले. शंभर पानी वही आणून दिली आणि म्हटले, लिहायचे. तारीख, पाळी, वाळूचा कितवा घाण, पाणी किती घातले, मूठ कोरडी की बरी की ओली, आणि त्या घाणाचे किती नग परत आले. लॅबमधल्या पोराला सांगितले की दर दोन तासांनी वाळूतला ओलावा मोजून त्याच ओळीत पुढे आकडा टाक. पहिला आठवडा मामांनी नुसते 'बरी, बरी, बरी' लिहिले. भीती होती. वाईट लिहिले तर आपल्यावरच येईल. दर शनिवारी चार वाजता मी वाळूच्या मिक्सरपाशी स्टुलावर बसून ती वही वाचायला लागलो. वाचून विचारायचो, रागवायचो नाही, खाली सही करायचो. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा आले: 'मूठ कोरडी. पानी वाडवलं. नग परत आले. कारन म्हाईत न्हाई.' मास्तरांचा शेरा मी त्यांच्या वतीने मारला.

तीन महिन्यांनी पाने समोरासमोर ठेवली तेव्हा चित्र दिसले. सुटीनंतरच्या पहिल्या घाणांत मामांची मूठ 'कोरडी' म्हणत होती आणि लॅबचा आकडा चार टक्क्यांच्या वर होता. एरवी आम्ही तीन-सव्वातीनवर चालायचो. दोघेही खरे होते. वाळूच्या कणांना चिकटवणारी बेंटोनाइटची माती सुटीत सुकून बसते. तिला पाणी प्यायला वेळ लागतो. मिक्सर नेहमीइतकाच फिरवला तर पाणी मातीत मुरत नाही, मोकळे राहते. मुठीला वाळू कोरडी लागते, म्हणून माणूस आणखी पाणी ओततो. साच्यात चौदाशे अंशांचे लोखंड पडले की त्या मोकळ्या पाण्याची वाफ होते आणि वाट मिळेल तिथे घुसते. म्हणजे मातीला पाण्याची गरज नव्हती, वेळेची होती. उपाय: सुटीनंतरच्या पहिल्या घाणांना मिक्सर दोन मिनिटे जास्त फिरवायचा, पाणी वाढवायचे नाही. खर्च शून्य.

शून्य म्हटल्यावर तुम्हाला वाटेल की लगेच मान्य झाले असेल. प्रॉडक्शनवाल्यांनी हिशेब मांडला: घाणामागे दोन मिनिटे, म्हणजे सकाळचे अमुक साचे कमी. त्यांचेही चुकत नव्हते. त्यांना साच्यांच्या संख्येवर बोलणी बसत, परत आलेल्या नगांवर मला. एका कारखान्यात दोन खाती दोन वेगळ्या आकड्यांवर जगत असतील तर कोणतीही सुधारणा कोणाच्या ना कोणाच्या पोटावर पाय देऊनच येते. शेवटी तडजोड ठरली. एका सुटीनंतर जुन्या पद्धतीने, पुढच्या सुटीनंतर नव्या पद्धतीने, असे आठ आठवडे. हा तोडगा कोणाचा होता ते वहीत आहे: प्रॉडक्शनच्याच एका तरुण सुपरवायझरचा, ज्याला आम्हाला खोटे पाडायचे होते. आठ आठवड्यांनी तोच मिक्सरवर दोन मिनिटांचा टायमर बसवून घ्यायला आला.

एक गोष्ट कबूल करतो. मधे दोन शनिवार मी दौऱ्यावर होतो, तिसऱ्या शनिवारी कंटाळा केला. त्या तीन आठवड्यांच्या पानांवर मामांनी नुसती तारीख घातली आहे. कोणी वाचत नाही म्हटल्यावर लिहिणे तिथल्या तिथे थांबते. बक्षिसे, फोटो, 'महिन्याचा उत्कृष्ट कामगार' हे सगळे मी पाहिले आहे. शनिवारी चार वाजता स्टुलावर बसण्याला त्यातले काहीही पर्याय नाही.

हेच काम फार मोठ्या आणि फार गंभीर प्रमाणावर झालेले आपल्याच राज्यात आहे, आणि ते कारखान्यात झालेले नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. लहान मुले न्यूमोनियाने जात होती. न्यूमोनिया ओळखायची एक साधी खूण म्हणजे मिनिटाला श्वास किती. पण गावातल्या ज्या सुईणी घरोघर पोचत होत्या त्यांना फार पुढचे आकडे मोजता येत नव्हते. इथे कोणीही म्हणाले असते, आधी साक्षरता वर्ग काढा. त्यांनी यंत्र बदलले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी, एक मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया. मी आयुष्यभर नग पास की नापास एवढेच सांगणारी गेजेस पाहिली, 'गो' आणि 'नो-गो'. याहून सुंदर गेज मी पाहिलेले नाही.

पण नुसत्या मण्यांवर ते थांबले असते तर तो एक छान जुगाड झाला असता आणि प्रदर्शनात ठेवला गेला असता. त्यांनी प्रयोग मांडला. काही गावांत उपचार, शेजारच्या दुसऱ्या गावांत नेहमीचीच व्यवस्था, आणि दोन्हीकडच्या जन्ममृत्यूंची काटेकोर मोजणी. न्यूमोनियाच्या कामाचे निष्कर्ष 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढचा प्रश्न नवजात बाळांचा. 39 गावांत गावातल्याच, बेताचे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, 47 गावे तुलनेसाठी ठेवली. बाळाचे वजन, तापमान, ऊब, दूध ओढते की नाही, सगळे आरोग्यदूत बघणार आणि लिहिणार. जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणे दिसली तर तिनेच इंजेक्शन द्यायचे. गावच्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणे! डॉक्टरमंडळींच्या भुवया किती वर गेल्या असतील याची कल्पना करा. उत्तर वहीने दिले. त्या 39 गावांतला नवजात मृत्युदर हजारी 62 होता, तो तीन वर्षांत 25 वर आला. डिसेंबर 1999 च्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. 2011 मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर घेतला, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

पहिल्या प्रयोगापासून सरकारी कार्यक्रमापर्यंत वीसेक वर्षे गेली. आमच्याकडे तिमाहीत निकाल मागणारे जे आहेत त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

दुसरे उदाहरण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे. त्याविषयी व्यवस्थापनाच्या वर्गांत इतके सांगितले जाते की मी थोडक्यात आटोपतो. डॉ. वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि 1976 साली 11 खाटांवर त्यांनी सुरुवात केली. संधिवाताने बोटे वाकलेली, त्याच बोटांनी मोतीबिंदू काढायचे. एका सर्जनला शेजारी शेजारी दोन टेबले, एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरचा रुग्ण तयार. डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग गरिबाला परवडेना तेव्हा 1992 मध्ये 'ऑरोलॅब' काढून भिंग स्वतःच बनवायला घेतले आणि किंमत एक दशांशावर आणली. लोक दोन टेबलांचे कौतुक करतात. मला कौतुक वाटते ते तिथल्या खेड्यांतून आलेल्या मुलींचे, ज्यांना शिकवून तयार केले आणि ज्यांच्यावर त्या शस्त्रक्रियागृहाची घडी अवलंबून आहे. सर्जनचे हात मोकळे राहतात ते या मुलींमुळे.

याच्या उलट गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातली. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत, शेती जेमतेम. 1983 साली पटेल-3 भाताच्या शेतात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, वर्षामागून वर्षे निवड करत गेले. बारीक, चवीचा तांदूळ तयार झाला. बाजारात नाव नव्हते, तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून 'एचएमटी'. आज तुमच्यापैकी निम्म्या घरांनी तो खाल्ला असेल. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने हे वाण शुद्ध करून 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून प्रसृत केले आणि श्रेयाचा वाद शेवटपर्यंत राहिला. 2018 साली दादाजी गेले ते हलाखीतच.

या वादात न्यायाधीश होण्याचा माझा अधिकार नाही. मी एवढेच बघतो की विद्यापीठाकडे प्रयोगशाळा होती, पगारी शास्त्रज्ञ होते, बियाणे वाढवायची यंत्रणा होती. दादाजींकडे नजर होती आणि चिकाटी होती. तिसरीपर्यंत शिकलेल्या या माणसाला 'या, आमच्याबरोबर काम करा, तुमच्या नावासकट' असे म्हणायला विद्यापीठाच्या नियमांत रकानाच नव्हता. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येऊ लागली, हे चांगले झाले. पण कायदा हक्क देतो, प्रयोगशाळेतली खुर्ची देत नाही. दादाजींना त्या खुर्चीची गरज 1983 पासून होती.

संशोधनावरच्या खर्चाचे आकडे काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही असे म्हणतात, म्हणून काढतो. 2020-21 मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या 0.64 टक्के आपण संशोधनावर खर्च केले. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास आहे. पैसा वाढला पाहिजे यात शंका नाही. पण या सभागृहात जे छोटे कारखानदार बसले आहेत त्यांच्याकडे 0.64 टक्केही नाहीत, हे मला माहीत आहे. गिऱ्हाईक कंपनी दरवर्षी भाव कमी करून मागते, वीज महाग, आणि उधारी किती दिवसांची ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतेच आहे. तुम्हाला मी प्रयोगशाळा काढा म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या तोंडावर म्हणणार आहे, राग आला तर चहा पिऊ नका. आपण माणूस घेतो आणि 240 दिवस भरायच्या आत त्याला ब्रेक देतो, कायम करावे लागू नये म्हणून. मीही अशा याद्यांवर सह्या केल्या आहेत. सात महिन्यांनी ज्याला गेटबाहेर जायचे आहे तो तुमच्या वाळूची मूठ कशाला ओळखेल, आणि ओळखली तरी वहीत कशाला लिहील? वाळूमामा कायम कामगार होते. तीस वर्षे त्याच वाळूत होते. आज ते कामाला लागले असते तर आठव्या महिन्यात शेजारच्या कारखान्यात असते, आणि त्यांची मूठ तिथेही पुन्हा पहिलीपासून शिकत असती. सगळ्यांना कायम करणे जमत नाही, हे ऐकलेले आहे. दहांतले चार करा. त्या चौघांच्या हातात वही द्या. लिहिलेल्या प्रत्येक सूचनेला आठवड्याच्या आत उत्तर द्या, 'नाही' असेल तर का नाही ते सांगून द्या. आणि वर्षातून दोन-तीन फसलेल्या प्रयोगांचा खर्च हिशेबात आधीच धरा. फसलेला प्रयोग कोणाच्या पगारातून कापला जाणार नाही हे एकदा लोकांना दिसले की बघा, शिसपेन्सिलीची चित्रे कशी सह्यांसकट येतात.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी वह्या माझ्याकडे आणून दिल्या. तीन आहेत. दुसऱ्या वहीत पावसाळ्यात साच्यात बसवायचे वाळूचे कोअर भिंतीला टेकून ठेवले तर दमट होतात, याचा शोध आहे. तिसरीत बहुतेक नव्या पोरांच्या चुका आहेत, नावे न घालता, फक्त 'येक जन' असे लिहून. शेवटच्या पानावर एकच ओळ आहे: 'नवीन मिक्सर आला. मुठीला अजून कळत न्हाई.'

त्या तिन्ही वह्या मी आज या वाचनालयाला देत आहे. कडा वाळूने कुरतडल्या आहेत, पहिलीचे पुठ्ठे सुटले आहेत, पण अक्षर वाचता येते. ग्रंथपालांना एकच विनंती आहे. त्या दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका, आयटीआयच्या पोरांना टेबलावर हाताळू द्या. आणि कपाटातच ठेवायच्या असतील तर किल्ली कोणाकडे आहे ते बाहेर फळ्यावर लिहून ठेवा.